थायमोसिनचं इंजेक्शन म्हणजे नवी थायमस नव्हे

"चाळिशीनंतर थायमस ग्रंथी मरते. थायमोसिन अल्फा-१ची इंजेक्शनं घ्या, ती पुन्हा तरुण होईल. सेप्सिसचे रुग्णही यानेच वाचतात. शरीरातलाच पदार्थ, त्यामुळे अपाय शून्य." हा मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि आत्याने लगेच विचारलं, "मी घेऊ का गं?" तिच्यासाठी आणि हाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

थायमस म्हणजे छातीतली, प्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथी. ती मरत नाही. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, कारण वयात आल्यावर ती आक्रसते आणि तिच्या जागी चरबी साठते. पण उरलेली ग्रंथी काम करत राहते. २०२३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांमध्ये पाच वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण ८.१ टक्के आढळलं. छातीचीच शस्त्रक्रिया झालेल्या, पण थायमस शाबूत असलेल्यांमध्ये ते २.८ टक्के होतं.

मग इंजेक्शनने ती तरुण होते का? थायमस ही टी-पेशींची, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची शाळा आहे. स्वतःच्याच शरीरावर उलटतील अशा पेशी तिथे हेरून बाद केल्या जातात. ते काम ग्रंथीच्या जिवंत ऊतींचं आहे. थायमोसिन अल्फा-१ हा २८ अमिनो आम्लांचा एक छोटा निरोप्या. तो डेन्ड्रिटिक पेशींना (जंतूंची ओळख टी-पेशींना पटवून देणाऱ्या पेशींना) चेतवतो, टी-पेशींच्या प्रतिसादाला हातभार लावतो. पण निरोप्या आला म्हणून शाळेची इमारत उभी राहत नाही. थायमसशिवाय जन्मलेल्या बाळांसाठी अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली, ती थायमसच्या ऊतींच्या रोपणाला. नुसत्या अशा निरोप्याने भागलं असतं, तर एवढा खटाटोप कुणी केला असता?

सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेफाम होऊन अवयव निकामी होऊ लागणं. त्याचा दावा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तिथे घरच्यांची आशा पणाला लागलेली असते. या दाव्याला आधार होता, हे खरं. चीनमध्ये ३६१ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. २८ दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी २६ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. आकडे आशादायक होते, पण हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही, असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. म्हणून तिथेच २२ केंद्रांवर ११०० हून अधिक रुग्णांची मोठी चाचणी झाली. रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही, की कुणाला औषध मिळतंय. २०२५ साली निकाल छापून आला: २८ दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी २३.४ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी २४.१ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ पुसला गेला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने जुनी चाचणी उचलली आणि नवी गाळली, हे मला अक्षम्य वाटतं.

औषध खोटं नाही. १९६६ साली वासराच्या थायमसच्या अर्कावरून 'थायमोसिन' हे नाव पडलं, १९७७ साली अल्फा-१ची रचना उलगडली, आणि पुढे काही देशांत हिपॅटायटिस बीसाठी त्याला मान्यताही मिळाली. पण ती एका ठराविक आजारासाठी, तारुण्यासाठी नाही.

राहिला "अपाय शून्य". इन्सुलिनही शरीरातलंच, पण कुणी अंदाजाने टोचून घेत नाही. चाचण्यांत या औषधाचा त्रास बहुधा सौम्य दिसला, हे मान्य. पण ज्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्यांना ते देऊ नये, असं औषधाच्या माहितीपत्रातच लिहिलेलं असतं. आत्याचं मूत्रपिंड बदललेलं आहे आणि नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ती रोज गोळ्या घेते. फॉरवर्डमध्ये तिच्यासारख्यांसाठी एक ओळही नव्हती.