आधी कड तरी सापडू द्या

सप्रेम नमस्कार.

‘विश्वाला कड आहे का?’ या, कड नाही असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया सावकाश वाचली. नौपाड्यातल्या तुमच्या कट्ट्यावर लेख मोठ्याने वाचला गेला, वाद झाला, हे कळून बरं वाटलं. त्या वादात माझ्या बाजूने बोलणारं एकही माणूस नव्हतं, हे कळून जरा कमी बरं वाटलं.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आणि दिसणाऱ्या विश्वाची त्रिज्या ४६०० कोटी प्रकाशवर्षं, हे आकडे एकमेकांना खोटं पाडतात. फुगा फुगतो तो खोलीत फुगतो, तसं विश्वही कशात तरी फुगत असणारच, आणि ते ‘कशात’ मी गिळून टाकलं. ‘कडेपलीकडे काय, हा प्रश्नच लागू नाही’ असं लिहून मी पळ काढला. शिवाय आपल्या पूर्वजांनी ब्रह्मांडाचा परीघ ‘योजन’ या जुन्या अंतरमापात मोजून ठेवलेला असताना मी पाश्चात्त्यांचेच गोडवे गायले. या शेवटच्या आक्षेपाला मी जास्त जागा देणार आहे, कारण तो तुमच्यावरच उलटतो.

आकड्यांचं आधी उरकून घेऊ. आपल्यापर्यंत पोचणारा सगळ्यात जुना प्रकाश म्हणजे मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी प्रारण. पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना १९६४ साली तो अँटेनातली न जाणारी खरखर म्हणून सापडला. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम ३,८०,००० वर्षांचं होतं, आणि ज्या वायूतून तो निघाला तो वायू आपल्या जागेपासून सुमारे ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर होता. एवढंसं अंतर कापायला त्याला १३८० कोटी वर्षं लागली, कारण वाटच सतत लांबत होती. आज तीच जागा साधारण ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर गेली आहे. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा अवकाशातून धावणाऱ्यांना आहे, खुद्द अवकाश ताणलं जाण्याला नाही. दोन्ही आकडे एकाच हिशेबातून येतात.

आता हा ४६०० कोटींचा पल्ला म्हणजे कड का नाही? भर पावसाळ्यात वाशीच्या खाडीपुलावर मधोमध गाडी बंद पडली, तर धो धो सरीत ना वाशी दिसते ना मानखुर्द. आपल्याभोवती पाचपन्नास हातांचं एक वर्तुळ उरतं. तिथे पूल संपला असं कुणी म्हणत नाही. आपल्या पुढे अडकलेल्या टॅक्सीवाल्याचं वर्तुळ वेगळं, मागच्या टेम्पोवाल्याचं वेगळं. ४६०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एखाद्या दीर्घिकेत (ताऱ्यांच्या प्रचंड समूहात, गॅलक्सीत) कुणी ज्योतिर्विद बसला असेल, तर त्यालाही स्वतःभोवती तेवढंच वर्तुळ दिसत असणार, आणि आपण त्याच्या काठावर.

त्या काठापलीकडे काय, याचं उत्तर मी लेखातच दिलं होतं: आणखी दीर्घिका, इथल्यासारख्याच. हा अनुमानाचा भाग आहे, पण हवेतला नाही. ते जुनं प्रारण कुठल्याही दिशेला पाहा, त्याचं तापमान लाखात एखाद्या भागाइतकंच इकडेतिकडे होतं. एखाद्या बाजूला विश्व विरळ होत चाललंय, कुठे संपत आलंय, अशी खूण त्यात नाही. पुलावरचा पाऊस थांबतो. विश्वाच्या या काठावरचा पडदा मात्र हटणार नाही. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे १९९८ साली दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं. त्यामुळे आज १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे असलेल्या दीर्घिकेतून या क्षणी निघालेला प्रकाश आपल्याला कधीच गाठणार नाही. या गोष्टीने मला तुमच्या ‘कशात’पेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ केलंय.

तर ‘कशात’. फुग्याचा दाखला तुमचा आहे, माझा नाही, आणि मला तो आवडतही नाही, कारण फुग्याबरोबर खोली फुकट येते. प्रसरणाचा अर्थ एवढाच की दीर्घिकांमधली अंतरं वाढतायत, आणि अंतरं आतूनच मोजली जातात. पृष्ठभागाची वक्रता त्याच पृष्ठभागावरच्या मोजमापांतून कळते, बाहेर जाऊन पाहावं लागत नाही, हे गणिती गाऊसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. त्याचा शिष्य रीमान याने १८५४ च्या व्याख्यानात ते अवकाशाला लावलं आणि आणखी एक गाठ सोडवली: अमर्याद (म्हणजे कड नसलेलं) असणं आणि अनंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या कट्ट्यावरच्या एका आजोबांनी विचारलं म्हणे, ‘भिंत असेल तर भिंतीची जाडी किती?’ सगळ्या प्रतिक्रियेत मला हे वाक्य सर्वांत आवडलं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आर्किटास नावाच्या ग्रीकाने हेच विचारलं होतं: मी कडेवर उभा राहिलो तर काठी बाहेर काढू शकेन की नाही? काढता आली तर ती कड नव्हे; नाही आली तर अडवणारं काहीतरी बाहेर आहे. ॲरिस्टॉटलचं म्हणणं पडलं की बाहेर जागाही नाही, पोकळीही नाही, काळही नाही. रीमाननंतर तिसरी वाट निघाली. विश्व मोजकं असेल आणि तरी त्याला कड नसेल; सरळ चालत राहिलेला माणूस काठी न आपटता निघाल्या जागी परत येईल. असं आहे का, हे तपासलं गेलंय. ते जुनं प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांत इतर मोजमापं मिळवली, तर अवकाश सपाट (म्हणजे वक्रता नसलेलं) निघतं, फार तर हजारात दोनचार भागांचा फरक. सपाट असूनही सरळ जाणाऱ्याला निघाल्या जागी परत आणणारं विश्व पुरेसं लहान असेल, तर त्यात प्रारणाच्या नकाशावर एकसारख्या वर्तुळांच्या जोड्या दिसायला हव्यात. शोधल्या, सापडल्या नाहीत. म्हणजे विश्व एकतर अनंत, किंवा दिसतं त्याहून मोठं. कड मात्र यातल्या कुठल्याच पर्यायात येत नाही.

बहुविश्वांबद्दल, म्हणजे आपल्या विश्वाखेरीज आणखी विश्वं आहेत का याबद्दल, विचारलंत. काही गणितांतून ती निघतात, निरीक्षणांतून अजून नाही. मी त्यावर पैज लावणार नाही.

आता पूर्वज. तुम्ही दिलेला आकडा खरा आहे, आणि तो भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आहे: १,८७,१२,०६,९२० कोटी योजनं. हा ग्रंथ ११५० सालचा, आचार्य तेव्हा छत्तीस वर्षांचे. (आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सांगतो की त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला.) पण आकडा उचलताना तुम्ही भोवतालचा मजकूर सोडून दिलात. आचार्य आधी इतरांची मतं मांडतात. कुणी याला ब्रह्मांडाचा घेर म्हणतात. पौराणिक याला लोकालोक पर्वताचा, म्हणजे पुराणांतल्या जगाभोवतीच्या पर्वताचा, घेर म्हणतात. ज्यांना आकाशाचा गोल तळहातावरच्या आवळ्यासारखा स्वच्छ कळला आहे ते म्हणतात, सूर्याचे किरण जिथवर अंधार दूर करतात तिथवरच्या आकाशाचा हा परीघ. म्हणजे प्रकाश पोचतो तिथपर्यंत! हे वाचून मला खुर्चीतून उठावंसं वाटलं होतं. आणि मग त्यांचं स्वतःचं मत: ‘ब्रह्माण्डमेतन्मितमस्तु नो वा’. ब्रह्मांड एवढं असो वा नसो, एका कल्पात (ब्रह्मदेवाच्या एका दिवसात) ग्रह जेवढी योजनं चालतो तेवढी ही संख्या आहे, असं आमचं मत.

त्यांच्याकडे रीमान नव्हता, प्लांक नव्हता, आणि आजच्या विश्वाशी त्यांचा आकडा जुळतो असा दावा मी करणार नाही; तुम्हीही करू नये. पण मोजता येतं त्याचा आकडा द्यायचा आणि ब्रह्मांडाच्या कडेबद्दल ‘असो वा नसो’ म्हणायचं, हे त्यांनी जाणूनबुजून केलंय. मी केलं तर पळ काढला, असं तुम्ही म्हणता.

राहता राहिलं ‘नारळीकरांनीसुद्धा महास्फोट मानला नव्हता’ हे तुमचं जाता जाता टाकलेलं वाक्य. खरंच आहे. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉईल यांच्याबरोबर त्यांनी विश्वाला सुरुवातच नाही असं मानणारा स्थिर स्थितीचा सिद्धान्त लढवला, आणि १९९३ मध्ये बर्बिज यांना सोबत घेऊन त्याची सुधारित आवृत्तीही मांडली. पण त्यांचं विश्व अनादी होतं, आणि त्यालाही कड नव्हती. कडेच्या वादात त्यांची साक्ष तुमच्या उपयोगाची नाही.