लावणीतून नाच वजा केल्यावर

‘लावणी म्हणजे पुरुषांच्या करमणुकीसाठी रचलेली शृंगारिक गाणी, तिच्यात विचार नाही, साहित्य नाही आणि नाच वजा केला तर काहीच उरत नाही,’ अशा आशयाचा मजकूर सध्या मोबाइलवरून सर्रास पुढे पाठवला जात आहे. मुंबईतली वाचणारी मराठी माणसेही तो पाठवतात याचे मला अधिक वाईट वाटते, कारण या दाव्याचे उत्तर याच शहरातल्या गिरणगावात रचले आणि गायले गेले आहे.

पेशवाईतल्या लावणीत शृंगाराला मोठे स्थान होते, हे खरेच आहे. पण ‘केवळ शृंगार’ म्हणणाऱ्यांनी अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, नीट ऐकावी. वाटेगावाहून मुंबईला येऊन गिरणीत राबलेल्या आणि 1944 साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या या शाहिराने तिची सुरुवात अस्सल शृंगारानेच केली आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा रुसलेल्या बायकोची समजूत काढताना कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ असा एकेक दागिना मोजतो, तरी तिची कळी खुलत नाही. आणि ही ताटातूट गरिबीने केली, हे तो स्पष्ट सांगतो. पुढे मुंबईतल्या बेकारांची गर्दी येते आणि शेवटी मैनेचा विरह हाच बेळगाव, कारवार तुटलेल्या खंडित महाराष्ट्राचा विरह होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही रचना लोकांच्या तोंडी बसली. इथला शृंगार काढून टाका, राजकीय आशयही उभा राहणार नाही. दोन्ही एकाच विणीचे आहेत.

विचाराचेच म्हणाल, तर पठ्ठे बापूराव यांनी लावणीत मुंबईच्या वैभवाचा डंका वाजवला आणि अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहून मलबार हिलसमोर परळचा घाम गाळणारा कामगार उभा केला. एकाच काव्यप्रकारात एका शाहिराने दुसऱ्याला दिलेले हे उत्तर वाङ्मयीन संवाद नसेल, तर संवाद कशाला म्हणायचे?

ती फक्त पुरुषांसाठी असते, या मुद्द्यावर फार थांबण्याचे कारण नाही. खास महिलांसाठी लावले जाणारे लावणीचे प्रयोग मुंबईकरांना नवे नाहीत.

राहिला नाच. गिरगावात वाढलेल्या सुलोचना चव्हाण दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन, माइकसमोर जागच्या जागी उभ्या राहून लावणी गात. शब्दाची फेक, मध्येच घेतलेला ठसका आणि ढोलकीच्या तालावर नेमकी पडणारी सम एवढ्यावरच त्या मैफल ताब्यात घेत. बैठकीच्या लावणीत तर गायिका बसूनच असते. यमुनाबाई वाईकर एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत. पहिल्या वेळी तिच्यात आर्जव असे, दुसऱ्या वेळी रुसवा, तिसऱ्या वेळी टोमणा, आणि प्रत्येक वेळी नजर व हाताची बोटे त्या शब्दाचा वेगळा अर्थ दाखवत. पायातली घुंगरे गप्प असताना चालणाऱ्या या कलेला अदाकारी म्हणतात.