नवी किडनी बसली म्हणून शुगर-बीपी जात नाही

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. निरोगी माणसाची किडनी बसली की शुगर-बीपी आपोआप जातं. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल असेल तर बाकी तपासण्या म्हणजे पैशाची नासाडी. साखर नको, पण गूळ-बेदाणा हवा तेवढा खा. आणि गुळवेलीचा काढा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवा. यातलं एकही खरं नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

पहिल्यावर विश्वास बसतो, कारण डायलिसिसवर असताना पुष्कळांची शुगर खरोखरच उतरलेली असते. इन्सुलिनचा डोस कमी होतो, कुणाचं इन्सुलिन बंदही होतं. घरच्यांना वाटतं, डायबेटिस गेला. तो गेलेला नसतो. शरीरातलं इन्सुलिन मोडून काढायचं बरंचसं काम किडनी करते. ती निकामी झाली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, शिवाय जेवणही जात नसतं. नवी किडनी जोमानं चालू लागली की इन्सुलिन पुन्हा भराभर संपतं आणि शुगर वर येते. त्यात शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधांची भर. स्टेरॉइडनं भूक खवळते आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. टॅक्रोलिमस या त्यातल्याच दुसऱ्या औषधामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिनच कमी सुटतं. म्हणून आधी कधीच डायबेटिस नसलेल्यांनाही ट्रान्सप्लांटनंतर तो होऊ शकतो. पण या गोळ्या मनानं सोडल्या तर शरीर किडनीच नाकारतं, तेव्हा तो विचारही नको.

बीपी काहींचं उतरतं, हे मान्य. पण रक्तवाहिन्या जुन्याच, हृदय तेच.

क्रिएटिनिनचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. क्रिएटिनिनला न दिसणारा एक धोका म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम, हृदय आणि किडनी दोन्हींना बाधणाऱ्या गोष्टी एकत्र येणं. पोटाचा घेर पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटीमीटर किंवा जास्त, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४० आणि बाईत ५० च्या खाली: या पाचांतल्या तीन गोष्टी जमल्या की तो झाला समजा. ट्रान्सप्लांटनंतर पथ्य सुटतं, तोंडाला चव येते, सगळे कौतुकानं वाढतात आणि वजन चढतं. दोघींचं काम करणाऱ्या त्या एकट्या किडनीवर वाढलेल्या शरीराचा भार पडतो, बारीक गाळण्यांवर दाब येतो आणि लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन जायला लागतं. क्रिएटिनिन तेव्हाही नॉर्मल दिसू शकतं. ते हलेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून लघवीची अल्ब्युमिन तपासणी टाळू नका आणि घेर घरीच मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. किडनी उत्तम चालू असताना हार्ट अटॅकनं गेलेली माणसंही थोडी नाहीत. त्याची चाहूल क्रिएटिनिन देत नाही.

गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. आणि बेदाणा तासगावचा असला तरी सुकवलेलं द्राक्षच. त्यात पोटॅशियमही भरपूर, आणि टॅक्रोलिमसमुळे ते आधीच वाढू पाहत असतं.

राहिला काढा. ट्रान्सप्लांटच्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर ती परक्या किडनीवर तुटून पडेल. तीच वाढवायला काढा प्यायचा? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद केली, आणि टॅक्रोलिमस मोडतं ते मुख्यतः लिव्हरमध्येच. लिव्हर बिघडलं की औषधाची रक्तातली लेव्हल बिघडते. पपनसानंही ती वाढू शकते. कुणी काढा घेत असेल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, आधी नाही.