ठमीच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर : हळद, कोंबड्या आणि माझी एक चूक

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला म्हणून आत्ता लिहायला बसलेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. घणसोली गावात माझ्या मामाकडे दोन टर्की पक्षी आहेत, त्यातल्या ठमीला जुलैत कुत्र्यांनी फाडलं आणि आम्ही दीड महिना खपून तिला उभी केली, त्यावर मी लिहिलं होतं. दादांचं म्हणणं, फाटलेला पक्षी त्याच दिवशी कापायचा असतो, उपचारावर अडीच हजार रुपये घालवणं ही शहरी हौस, हळद-तेल लावून सोबतीला कोंबड्यांत सोडली असती तर फुकटात बरी झाली असती, आणि बर्ड फ्लूच्या दिवसांत आजारी पक्षी घरात घेणं हा बेजबाबदारपणा. आता कापायची की सोडायची ते एक ठरवा, पण असो, २० वर्षं कोंबड्या पाळलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर उडवून लावता येत नाही.

कापायचं मामाही म्हणाला होता. "ही काय जगत नाय आता" म्हणत सुरी काढलीच होती त्याने, मीच म्हटलं एक रात्र बघू. आणि एकदा अँटिबायोटिकचं इंजेक्शन पडलं की औषध अंगात राहतं, तेवढे दिवस मटण खायचं नसतं, म्हणजे तो ऑप्शन तसाही गेलाच. अडीच हजाराचं म्हणाल तर त्यातले निम्मे रिक्षाचे आहेत हो! पहिल्या दवाखान्यात "आम्ही कुत्रा-मांजरच बघतो" असं सांगून दारातूनच परत पाठवलं. सगळे म्हणत होते परळला बैलघोडा हॉस्पिटलात न्या, पण जुलैच्या पावसात, ट्रॅफिकमध्ये, थंडगार पडलेला पाच किलोचा पक्षी मांडीवर घेऊन घणसोलीहून परळ गाठायची माझी छाती झाली नाही, शेवटी ओळखीतून एक डॉक्टर घरीच आले.

आता हळद. दादा, हळद आम्ही लावली होती, मामीने पहिल्याच संध्याकाळी चांगली मूठभर, खोबरेल तेलात कालवून. दुसऱ्या दिवशी वरून छान पिवळी खपली दिसत होती, जखम सुकली असंच वाटलं, पण वास यायला लागला. मोबाईलचा टॉर्च लावून कडेची पिसं बाजूला केली तर खपलीच्या खाली भाताची शितं हलावीत तसं काहीतरी वळवळत होतं. अळ्या. पावसाळ्यात माशी उघड्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात, त्यात आम्ही वरून झाकण घालून दिलेलं. भुवयांच्या चिमट्याने एकेक काढत बसले, चाळीसपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडून दिलं, आणि ठमी एवढी गळून गेली होती की हललीसुद्धा नाही. हळद वाईट असं मी म्हणतच नाही, पण ती धुतलेल्या जखमेवर, आणि थापून तर नाहीच. डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ, त्याने दोन वेळा धुवायचं, मग बीटाडिन पाण्यात घालून कोऱ्या चहाच्या रंगाचं करायचं आणि ते लावायचं. कडेची पिसं कापायची, उपटायची नाहीत. आणि पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा होतो, त्यामुळे "पू कुठे आहे, सगळं कोरडं तर आहे" असं म्हणून फसायला होतं. मी फसले.

कोंबड्यांत सोडायचं मात्र मी अजिबात ऐकणार नाही. एक तर लाल दिसलं की कोंबड्या टोचतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. दुसरं म्हणजे ब्लॅकहेड नावाचा रोग. कोंबडीच्या आतड्यात बारीक जंत असतात, त्या जंतांच्या अंड्यांमधून हिस्टोमोनास नावाचा जंतू पसरतो, कोंबडीला बहुतेक वेळा त्याचं काही वाटत नाही पण टर्कीचं लिव्हर पोखरतो, पिवळीधमक विष्ठा सुरू होते आणि टर्की पटापट मरतात. ती अंडी मातीत फार काळ टिकतात, गांडुळं ती खातात, गांडुळं टर्की खाते, आणि पावसाळ्यात मामाच्या अंगणात गांडुळांना काय तोटा. (नाव ब्लॅकहेड असलं तरी डोकं काळं पडतंच असं नाही, त्याची वाट बघू नका.) तुमच्या २० वर्षांत तुमच्या कोंबड्यांना काही झालं नसेल, मान्य, पण टर्की म्हणजे मोठी कोंबडी नव्हे.

पण सोबतीचं तुम्ही बरोबर बोललात. पहिले तीन दिवस आम्ही तिला मागच्या खोलीत एकटीच ठेवली, पिवळा बल्ब, खाली गोणपाट (पेपर नको, पाय घसरतात), सगळं व्यवस्थित, तरी बाई खाईना. डोकं फिकट, डोळे अर्धे मिटलेले. चौथ्या दिवशी मामीने दुसरी टर्की आणून जाळीच्या पलीकडे ठेवली, ती टकटक करत पालक खायला लागली आणि पाच मिनिटांत ठमीने मान लांब करून जाळीतून तिच्याच पालकाचं पान ओढलं! त्या दिवसापासून उकडलेलं अंडं, भिजवलेलं खाद्य, सगळं सुरू.

आता माझी चूक, जी तुमच्या लक्षात आली नाही पण येऊ शकली असती. मी त्या पोस्टमध्ये सहज लिहून गेले की "सिरिंजने तोंडात पाणी दिलं". तसं करू नका कुणी. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, मध्ये पिचकारी मारली तर पाणी थेट फुप्फुसात. मी चोचीच्या कडेला एकेक थेंब लावत होते आणि ती स्वतः गिळत होती, हे लिहायचंच राहिलं. शिवाय आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. टर्कीचं अंग मुळात ४१ डिग्रीच्या आसपास असतं, गार पडलेल्या पक्ष्याला खाऊ घातलं तर ते पोटात तसंच पडून राहतं. तो पॅरा आत्ताच बदललाय.

अजून एकांनी खाली लिहिलंय की दुखण्यावर डायक्लोफिनॅकची अर्धी गोळी द्या. नको! ते दिलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं जवळजवळ संपली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ठमीला डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक दिलं, वजन करून.

बर्ड फ्लूचं तुमचं म्हणणं पटलं. २०२२ ला आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत काय झालं ते आठवतंय, हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. एकदम दोन-चार पक्षी मेले किंवा मान टाकायला लागले तर तिथे कसली सेवा-शुश्रूषा, हातही लावायचा नाही, सरळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. ठमीला चावा होता, आजार नव्हता, म्हणून घरात घेतली.

तुम्ही शेवटी विचारलंत, आता कामाची आहे का. डाव्या मांडीवर रुपयाएवढी जागा बोडकी राहिलीय, तिथे पिसं येत नाहीत, चालते व्यवस्थित. आणि गेल्या पंधरा दिवसांत पाच अंडी दिलीत, ठिपक्यांची. मामाला ती गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवायचीत, २८ दिवस लागतात म्हणे, आणि मी वर एवढं कोंबड्यांपासून लांब ठेवा म्हणून लिहितेय आणि घरातच हे चाललंय, सकाळपासून त्यावरूनच भांडण सुरू आहे. तुम्ही कधी कोंबडीखाली टर्कीची अंडी बसवलीत का?