नेपाळला सोलर हवंच, पण कारण वेगळं आहे

नेपाळमधल्या सोलरवरच्या एका लेखात म्हटलंय तिथे वर्षाला 300 दिवस ऊन असतं म्हणून सोलरला वाव आहे, ते बरोबरच, पण मुख्य मुद्दा राहिला असं वाटतं. तिथली बरीचशी जलविद्युत वाहत्या नदीवरची आहे, कुलेखानीसारखे पाणी साठवणारे प्रकल्प मोजकेच, त्यामुळे पावसाळ्यात वीज जास्त होते ती आपल्याला विकतात आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की आपल्याकडूनच विकत घेतात. 2016 नंतर तिथल्या सरकारी वीज प्राधिकरणाचे तेव्हाचे प्रमुख कुलमान घिसिंगांनी काठमांडूचं लोडशेडिंग घालवलं त्यातही भारताची वीज होतीच की. आणि नेमकं नद्या आटतात तेव्हा आकाश कसं, लख्ख! म्हणजे जोडी मस्त जमते.

दुसरं म्हणजे तिथली थंडी. पॅनलला ऊन हवं असतं, गरमी नको, पॅनल 25 डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीला साधारण 0.3-0.4 टक्के वीज कमी होते. आमच्या कांदिवलीच्या गच्चीवर मे मधे पॅनलला हात लावा, चटका बसेल, वर समोरच्या टॉवरची सिमेंटची धूळ आणि कबुतरांची कृपा, आठवडाभरात काच राखाडी, आणि धुवायचं कोणी यावर सोसायटीच्या मीटिंगमधे भांडणं (तो विषय नकोच).

बाकी डोंगरात सपाट जागा कुठे आहे, मोठे प्लांट तराईतच (भारताला लागून असलेला सपाट पट्टा) टाकावे लागणार आणि तिथे शेती आहे. वरच्या गावांत घरगुती सोलर ठीक, पण लेड ॲसिड बॅटरी चार-पाच वर्षांत बसते. नवी खेचरावर लादून वर न्यायची आणि पैसे कोणी द्यायचे, यावर लेखकाने जरा लिहावं ना.