छत्री घरी, चॅनल खिशात: त्या मेसेजमध्ये खरं किती?

सुट्टीत गावी जायचे दिवस आले की हा मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरतो. म्हणणं साधारण असं: घरच्या डिशचा रिचार्ज चालू असेल तर तेच सगळे चॅनल बाहेरगावी, अगदी परदेशातही मोबाइलवर फुकट दिसतात. सेट-टॉप बॉक्सच्या यूएसबीत एक डोंगल लावायचा. सिग्नल उपग्रहाचा असल्याने डेटा जात नाही. लिंक शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही द्या. आणि अर्थातच, ‘कंपन्या हे मुद्दाम लपवतात’.

घरच्या बॉक्सवरचं चित्र बाहेरून पाहायचं, ही मूळ कल्पना खरी आहे, म्हणूनच मेसेज पटतो. तिच्याभोवती जे गुंडाळलंय ते मात्र बहुतेक खोटं आहे.

लपवाछपवीचं आधी पाहू. अमेरिकेत ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या भावांना सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे बेसबॉल सामने घराबाहेर असतानाही पाहायचे होते. त्यातून निघालेला ‘स्लिंगबॉक्स’ २००५ मध्ये उघडपणे दुकानांत विकायला आला. घरच्या केबल किंवा डिशच्या बॉक्सला तो जोडायचा. चित्र इंटरनेटवरून तुमच्याकडे यायचं. २००७ मध्ये एकोस्टार या अमेरिकी उपग्रह-टीव्ही कंपनीने भावांची ही कंपनी ३८ कोटी डॉलरना घेतली. नेटवरच्या थेट प्रक्षेपणापुढे त्याची गरज कमी होत गेली आणि ९ नोव्हेंबर २०२२ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. सगळा कारभार त्या सर्व्हरवर, त्यामुळे लोकांच्या घरातले धडधाकट डबे एका दिवसात निकामी. एवढं सगळं जाहीरपणे झालं, त्यात गुपित कसलं?

‘डेटा जात नाही’ हा तर सगळ्यात महागात पडणारा दावा. उपग्रहाचा सिग्नल छत्रीत येतो आणि कार्यक्रम तिथून बॉक्समध्ये. छत्री फक्त घेते, पुढे कुणाला पाठवत नाही. बॉक्सपासून तुमच्या फोनपर्यंतची वाट इंटरनेटचीच, आणि तीही दोन्हीकडे खर्चाची: घरच्या ब्रॉडबँडवर अपलोड, फोनवर डाउनलोड. बेताचं चित्र देणारा २ एमबीपीएसचा प्रवाह धरला तरी तासाला ९०० एमबी जातात. रोजचा दीड जीबी १ तास ४० मिनिटांत संपतो. वनडेचा पहिला डावसुद्धा पुरा होत नाही. शिवाय अनेक ब्रॉडबँडवाले बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घर क्रमांक) देतात. मग बाहेरून थेट तुमच्या घरात शिरताच येत नाही. त्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता घ्या, नाहीतर बाहेरच्या सर्व्हरमार्फत घर आणि फोन जोडणारं व्हीपीएन (खाजगी जोडणी) उभं करा. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही.

आता तो डोंगल. बॉक्सला लावायचा वायफाय डोंगल बॉक्समध्ये नेट आणतो. कास्टिंगचा डोंगल फोनवरचं टीव्हीवर नेतो, म्हणजे नेमकी उलटी दिशा. चित्र बाहेर पाठवायचं तर बॉक्सच्या आउटपुटमधून ते उचलून नेटवर पाठवण्याइतकं आकुंचित (कॉम्प्रेस) करणारं वेगळं यंत्र लागतं. एचडीएमआयवर बहुधा कॉपी-संरक्षण असतं, तिथे काळा पडदा मिळेल. जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही पिनांवरून काम होतं, पण चित्र जुन्या टीव्हीइतकंच.

हे सगळं जमलं तरी खरी पंचाईत घरातच आहे. साधा बॉक्स एका वेळी एकच चॅनल देतो. तुम्ही पुण्यातून बातम्या लावल्यात की साताऱ्यात आजीची मालिका गेलीच. आजी रिमोट उचलणार, तुमच्या बातम्या जाणार. स्लिंगबॉक्सलाही हा पेच सुटला नव्हता. वर घरची लाइट गेली की दोघांचंही बंद!

‘पण डिश कंपनीच्या ॲपवर तर दिसतं की!’ दिसतं, पण ते तुमच्या छत्रीतून येत नाही. ॲप फक्त तुमचं खातं तपासतं आणि कंपनीच्या सर्व्हरवरून चॅनल पाठवतं. तुमच्या गच्चीवरची छत्री वाऱ्याने फिरली तरी ॲपला पत्ता लागत नाही. इंटरनेटवर दाखवायचे हक्क ज्या चॅनलचे आहेत तेच तिथे असतात, म्हणून टीव्हीवरची यादी आणि ॲपवरची यादी जुळत नाही. हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे दुबईत उतरल्यावर तेच ॲप हात वर करतं.

लिंक वाटण्याचा सल्ला तर धोक्याचाच. अमेरिकेत एरिओ कंपनी भाड्याच्या छोट्या अँटेना लावून ग्राहकांना नेटवर टीव्ही दाखवायची; २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते सार्वजनिक प्रक्षेपण ठरवलं. पुढच्याच वर्षी तिथल्याच डिश नेटवर्क या उपग्रह-टीव्ही कंपनीच्या ग्राहकाने स्वतःच्या घरच्या बॉक्सवरचं स्वतः बाहेरून पाहणं तसं नाही, असं खालच्या न्यायालयाने म्हटलं. फरक पाहणारा कोण याचा आहे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ३७ वं कलम प्रक्षेपकाचा हक्क राखतं. ३९ वं कलम खाजगी वापरासाठी ध्वनिमुद्रण-चित्रमुद्रणाची मुभा देतं. सोसायटीचा ग्रुप म्हणजे खाजगी वापर नव्हे.

हौस असेल तर डीडी फ्री डिश घ्या. तिथले बरेच चॅनल कूटबद्ध (कुलूपबंद) नसतात. जुन्या कॉम्प्युटरला उपग्रह ट्यूनर (छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) आणि ते चॅनल नेटवरून पुढे पाठवणारं टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर जोडलं की आजीच्या बॉक्सला हात न लावता तुमचं चॅनल वेगळं चालतं. पण नुसतं दूरदर्शन हवं असेल तर एवढा खटाटोपही नको: प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे ॲप आणलं, ते उतरवून घ्या. डेटा मात्र त्यालाही लागतो.