क्वेरी चालली, म्हणजे झालंच की!

ऑरॅकल डेटाबेसवरच्या क्वेऱ्या, म्हणजे माहिती काढायच्या आज्ञा, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायच्यात? सांगलीत त्यासाठी जाणकार माणूस लागत नाही, नोटपॅड आणि कंट्रोल-एच (शब्द शोधून बदलायची कळ) पुरतं. शनिवारी संध्याकाळी बसा, सोमवारी पतसंस्था उघडायच्या आत काम फत्ते.

नल, म्हणजे रिकामी नोंद, आली तर पर्यायी किंमत देणारं एनव्हीएल दिसेल तिथं त्याच कामाचं कोअलेस घाला. नावं जोडणाऱ्या || ला हातच लावू नका, ते दोन्हीकडं चालतं. वडिलांचं नाव नल असलं तर ऑरॅकल उरलेलं जोडून देतं, पोस्टग्रेस अख्खं नावच नल करतं. पावती कोरी निघेल, शाई वाचेल.

आत्ताची तारीख-वेळ देणाऱ्या सिसडेटच्या जागी नुसती तारीख देणारं करंट_डेट. वेळ गेली तर गेली.

दोन तक्ते जोडताना जोडी नसलेल्या ओळीही राखणारं ऑरॅकलचं (+) काढून त्याच कामाचं लेफ्ट जॉईन लिहा आणि (+) लावलेली अट जोडणीच्या ऑनमध्ये न ठेवता, जोडून झाल्यावर ओळी गाळणाऱ्या वेअरमध्ये ढकला. कर्ज नसलेले सभासद आपोआप गळतात, यादी आटोपशीर होते.

आता व्याज. सूत्र जुनंच ठेवा: मुद्दल * 0.09 * ((मुदत तारीख - ठेव तारीख) / 365). हळदीची पट्टी आली की शेतकरी लाखभर रुपये 90 दिवसांसाठी ठेवतो. ऑरॅकलमध्ये 90/365 म्हणजे 0.2466, व्याज 2219 रुपये 18 पैसे. पोस्टग्रेसमध्ये दोन डेटची वजाबाकी पूर्णांक येते, पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक तुटतो, 90/365 म्हणजे 0. व्याज शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि वर तोंड करून सांगायचं, 'टेस्टिंग केलंय'! काय केलंय? वर्षाची ठेव घेतली, 365/365 म्हणजे 1, उत्तर बरोबर आलं, उठले. 400 दिवसांची घेतली असती तरी 1 च आला असता, वरचे 35 दिवस फुकट! 364 ची एक घेऊन बघायला काय धाड भरली होती? 365 च्या पुढं .0 लिहायला किती वेळ लागतो?

बास झाली थट्टा. कामाचे पैसे मोजून घेता ना? मग जुन्या-नव्या दोन्हीकडं तोच अहवाल काढा. ओळी मोजा, नल मोजा, व्याजाची बेरीज पैशापर्यंत जुळवा. 1, 90, 364, 366 दिवसांच्या ठेवी मुद्दाम घाला. जुळलं नाही तर सोमवारी जुनंच चालू ठेवा आणि तसं चेअरमनना स्वतः जाऊन सांगा. काउंटरवरच्या पोरीला 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणायला लावू नका.